जित्त्या बापाची तेरवी

मेडशी, १९ जानेवारी

मंजूताई,

हे पत्र मी इतकं टाळलं की सांगायची लाज वाटते. पोहरादेवीच्या यात्रेत आकाशपाळणे उभे करत होतो, तेव्हापासून हे कोरं आंतरदेशीय खिशात घेऊन फिरतो आहे. ट्रकवर बसून लिहू म्हटलं तर ट्रक हलतो. पुढं परभणीच्या उरुसात लिहू म्हटलं, तर तिथं मौत का कुआँवाल्यानं मला मोटरसायकल शिकवायला घेतली. काय सांगू ताई, लाकडाच्या भिंतीवर माणूस आडवा गाडी चालवतो आणि लोक वरून दहाच्या नोटा धरतात. मी पहिल्याच दिवशी गुडघा फोडून घेतला. पण ते जाऊ दे. खरं म्हणजे तुला लिहायचं तर घरचं लिहावं लागतं, आणि घरचं मला काही ठाऊक नव्हतं. तू नंबर बदलत गेलीस, मी गावं बदलत गेलो. चंद्रपूरचा हा पत्ता अनुपभाऊजींच्या मालेगावच्या दोस्तानं दिला.

आज लिहितो कारण आज जे पाहिलं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. डोक्याची एक बाजू गार पडली आहे, ते का ते खाली येईलच.

दुपारी एसटीतून उतरलो. आपल्या गल्लीच्या तोंडाशी मंडप. मला वाटलं गोलूचं लग्न. मोठबाबांचा गोलू गं, आता त्याला मिशा फुटल्या. पंगत बसली होती, पुऱ्या, वांग्याची भाजी, बुंदी. गोलू भाजीची बादली घेऊन वाढत होता. मी त्याला डोळा मारला.

"काय बे, मले न सांगता उरकून घेतलं काय?"

त्यानं बादली खाली ठेवली. तोंड असं केलं की जसं मीच काही चोरलं.

"पवन्या, तुले कोनी फोन नाई केला काय?"

आणि मग मला फोटो दिसला. खुर्चीवर ठेवलेला, हार घातलेला, उदबत्ती लावलेली. बाबांचा. आधार कार्डातला फोटो मोठा केलेला, म्हणून तोंड थोडं फाटल्यासारखं.

ताई, मी किती घरांच्या, किती गावांच्या मयती पाहिल्या. पण आपल्या बापाच्या फोटोला हार कधी पाहिला नव्हता. मी तिथंच बसलो, पत्रावळीच्या ढिगावर. रडलो म्हणजे कसा, लहान पोट्ट्यासारखा. लोक जेवायचे थांबले. मोठबाबा आले, मला काखेत धरून उठवलं.

"आलास, बरं झालं. तूच नव्हता म्हनून अडलं होतं. बस न्हाव्यापुढं."

"कधी गेले? कशानं गेले?"

"थे मंग सांगतो. आधी डोकं कर."

मी बसलो. मला काय ठाऊक? पोराला डोकं करावं लागतं एवढंच ठाऊक होतं. न्हाव्यानं पाणी लावलं, वस्तरा चालवला. डाव्या कानावरून वरपर्यंत झालं. मी डोळे मिटून रडत होतो आणि मनात म्हणत होतो की मंजूताईला आता कोण सांगणार, मीच सांगणार.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"अबे पवन, काहून रडू राह्यला?"

वस्तरा थांबला. मी वळून पाहिलं. सायकल धरून उभे. कॅरिअरला पाण्याची मोटर बांधलेली, हाताला ग्रीस, डोक्याला तोच मळका रुमाल. बाबा. जित्ते.

कागद भरला. उरलेलं उद्या. पण ताई, आधी हे वाच: बाबा जिवंत आहेत.

तुझा पवन


मेडशी, २० जानेवारी

मंजूताई,

काल पत्र पेटीत टाकलं आणि मग आठवलं की तुला आधी तर धक्काच बसेल. आज किराणा दुकानातून शाळेची वही घेतली, म्हणजे जागा पुरेल.

बाबांनी बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती लोक पाण्यात बुडवून काढतात ना, तो. मागच्या महिन्यात, जऊळक्याला, एका शेततळ्यात. मी हे लिहितो आहे पण मला अजून खरं वाटत नाही. आपले बाबा! ज्यांनी कधी मारुतीच्या देवळात सुद्धा चप्पल काढताना कुरकूर केल्याशिवाय काढली नाही. मोटर दुरुस्त करताना देव नको, पाना पाहिजे म्हणणारा माणूस.

तर मोठबाबा म्हणाले, धर्म सोडला तो आपल्यासाठी मेला. आणि नुसतं म्हणून थांबले नाहीत. भावकी बसवली, दहावा आणि तेरवी एकाच दिवशी उरकायची ठरवली. गावजेवण. बाबांना गल्लीतूनच निरोप, की तुमची तेरवी आहे, त्या दिवशी गावात राहू नका. बाबा राहिले. नुसते राहिले नाहीत, मंडपात आले.

तिथं काय झालं ते ऐक. न्हावी वस्तरा पेटीत टाकून पळाला, माझं अर्धं डोकं तसंच. मोठबाबा माझ्याकडे पाहून बोलले, बाबांकडे नाही.

"हा मानूस माह्या भावासारखा दिसते. पन माहा भाऊ मेला."

मला वाटलं आता बाबा पाना काढतात. तुला आठवतात ना त्यांचे हात. पण ते हसले. ताई, ते हसले. सायकल स्टँडवर लावली, मोटरची गाठ पाहिली सैल तर नाही, आणि पंगतीत येऊन मांडी घातली.

"माह्या तेरवीची पंगत अन् मलेच पत्रावळ नाई? वाढ रे गोलू."

गोलू बिचारा बापाकडे पाहतो, काकाकडे पाहतो. शेवटी एक पुरी टाकली, जशी गरम निखारा टाकतात. मागून कोणीतरी म्हणालं, "आता नाव काय ठेवलं म्हना? पीटर का सायमन?" हसू फुटलं.

"इंद्रभानच," बाबा म्हणाले. "नाव नाई बुडवलं त्यायनं. अकड बुडवली."

मग ते उभे राहिले. हातात पुरी तशीच. आणि बोलले ते मी शब्दाला शब्द लिहितो, कारण हे तुझं आहे.

"दादा, तू माही तेरवी केली, थे बरोबर केलं. माहा पास्टर बी हेच म्हनते. पान्यात गेला तो इंद्रभान मेला, पुरला. मी कबूल करतो. पन एक तेरवी म्या बी केली होती. जित्त्या पोरीची. विहिरीवर जाऊन तिच्या नावानं आंघोळ केली, साऱ्या घराले करवली. तिचं नाव घेनाऱ्याचं तोंड फोडीन म्हनलो. थे तेरवी खोटी होती. माही पोरगी मंजुषा जित्ती हाय."

त्यांनी तुझं नाव घेतलं ताई. भर पंगतीत. तू अनुपभाऊजींशी जातीबाहेर लग्न केलंस म्हणून झालेल्या त्या आंघोळीच्या वेळी मी तेलंगणात बोअरच्या गाडीवर होतो, मला फक्त ऐकून ठाऊक होतं. पण घरात तुझं नाव निघालं की कसं सगळे भिंतीकडे पाहतात ते मी पाहिलं आहे. काल सगळे पत्रावळीकडे पाहत होते.

मोठबाबांनी पळी फेकली. बाबांना लागली नाही, खुर्चीवरच्या फोटोला लागली.

इकडं घरात वेगळंच. बायका मायला घेऊन बसल्या होत्या. मोठीमाय आणि दोघीतिघी. कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या. मी आत गेलो तर माय ओट्याला पाठ लावून, हात पदरात लपवून बसलेली.

"तेरवी झाली रुख्मिने, रीत करा लागते," मोठीमाय म्हणाली.

"नवरा बाहीर पुऱ्या खाऊन राह्यला अन् मी बांगड्या फोडू? तुह्याच फोड. तुहा नवरा तं कधीचाच मेल्यासारखा वागते."

बायका उठून गेल्या. पण ताई, माय बाबांच्या बाजूनं आहे असं समजू नको. त्यांच्याशी बोलत नाही. ताट ठेवते, तांब्या ठेवते, आणि भिंतीला ऐकवते, "पान्यात बुडून आलं म्हनते, भूक काई बुडली नाई." मला म्हणाली, "तिले लिही. माय जित्ती हाय म्हना. माही तेरवी कोनी केली नाई अजून."

संध्याकाळी बाबांनी मला ओट्यावर बसवलं आणि दाढीच्या वस्तऱ्यानं उरलेलं डोकं केलं. "अर्धं कायले ठेवतं?" म्हणाले. त्यांचे हात इतके हलके मला कधी लागले नव्हते. मला भीती वाटली, खरं सांगतो. माराचे हात ओळखीचे होते.

पवन


जऊळका, २३ जानेवारी

मंजूताई,

मला राहवलं नाही. बाबांना विचारलं तर ते म्हणतात "पास्टरले विचार, मले सांगता येत नाई." म्हणून जऊळक्याला आलो. येताना तुरीच्या मळणीवाल्यांनी गाडीत घेतलं, मग त्यांच्याच मळणीला हात लावला, त्यात एक दिवस गेला. अंगाला तुरीची खाज अजून आहे.

मला वाटलं होतं पास्टर म्हणजे पांढरा झगा, मोठं घर. अमरदीप नावाचा माणूस निघाला, माझ्यापेक्षा थोडा मोठा, स्टेशनच्या रस्त्यावर पंक्चरचं दुकान. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत होता. मी सरळच म्हणालो, तू माझ्या बापाला काय केलं?

"बस," तो म्हणाला. "चहा घेतं?"

चहा घेतला. मग तो मला शेततळं दाखवायला घेऊन गेला, त्यांच्यातल्याच एकाच्या शेतात. काळी प्लास्टिकची पन्नी अंथरलेलं तळं, कडेला हरभरा. बाबा तिथं मोटर बसवायला आले होते, वर्ष होऊन गेलं. त्या दिवशी दोन बायकांचा बाप्तिस्मा होता. बाबा पाना हातात घेऊन पाहत उभे राहिले. मग अमरदीपला विचारलं की हे काहून बुडवता? तो म्हणाला, जुना माणूस गाडतो आणि नवा उठवतो.

बाबा तिथंच खाली बसले म्हणे. विचारलं, "आंघोळीनं मानूस जित्ता बी होते काय?"

अमरदीपला कळेना. मग बाबांनी विहिरीवरची गोष्ट सांगितली. तुझ्या नावाच्या आंघोळीची. म्हणाले, एका आंघोळीनं मी पोरगी मारली. तुमच्यात उठवायची आंघोळ असेल तर मला द्या, मी तिच्या नावानं करतो.

ताई, मी हे ऐकलं आणि तळ्याच्या बांधावर बसून राहिलो. तुझ्या नावानं. ते येशूसाठी गेले नव्हते गं. निदान आधी तरी नाही. उलटी आंघोळ शोधत गेले होते.

मी विचारलं, "मंग तू दिली?"

"नाई," अमरदीप म्हणाला. "म्या म्हनलं, काका, दुसऱ्याच्या नावानं हे होत नाई. आईच्या नावानं नाई, पोरीच्या नावानं नाई. अन् पोरगी मेलीच नाई. जिनं काई केलं नाई थे कायले उठीन? ज्यानं मारलं त्यानं मरा लागते. थे आयकून काका उठून गेले. दोन महिने मोटरचं बिल बी घ्याले आले नाई."

मग आले. दर रविवारी मागं बसायचे, गाण्याला तोंड उघडायचे नाहीत. एक दिवस स्वतःच म्हणाले, मरतो.

मी भांडलो त्याच्याशी. म्हटलं, हे बरं आहे, तळ्यात एक डुबकी मारली की सगळं साफ! माझी बहीण इतकी वर्षं बापाविना राहिली, तिच्या पोरीला आजोबा ठाऊक नाहीत, आणि हा माणूस ओला होऊन मोकळा? पाण्यात काय औषध टाकता?

"पान्यात काई नाई," तो म्हणाला. "हेच पानी हरभऱ्याले देतो."

"मंग मातीतच गाडा ना."

"मातीत गाडलेला वर काढता येत नाई, म्हनून पान्यात. येशू मेला, पुरला, तिसऱ्या दिवशी उठला. आमी म्हनतो, पान्यात जानारा त्याच्यासंगं मरते अन् त्याच्यासंगं उठते. माफी देवाची हाय, थे काकाले भेटली. पन तुह्या बहिनीची माफी तिच्या हातात हाय. थे मले देता येत नाई, देवाच्या नावानं बी मांगता येत नाई. हे म्या काकाले आधीच सांगितलं."

मला सगळं पटलं असं नाही. मी देवाच्या भानगडीत पडणारा नाही, तुला ठाऊक आहे, पाळण्याचे नट आवळताना मी सगळ्यांचीच नावं घेतो. पण एक ऐक. त्या दिवशी खरंच काय झालं. पन्नी शेवाळून निसरडी झाली होती. बाबांना पोहता येत नाही. अमरदीपनं त्यांना मागं वाकवलं, आणि दोघांचेही पाय सुटले. दोघं खाली. काठावरचे लोक आधी गाणं म्हणत राहिले, त्यांना वाटलं बाप्तिस्मा थोडा लांबला. मग कोणाच्या तरी लक्षात आलं. मोटरचा दोर टाकून ओढलं. बाबांच्या नाकातोंडात पाणी. बाहेर आले तेव्हा बोलता येत नव्हतं. आणि बोलता आलं तेव्हा पहिला शब्द काय, तर "मंजू". अमरदीप म्हणतो की दुसरे लोक हालेलुया म्हणतात.

हे मी तुला रडवायला लिहीत नाही. तू रागावली असशील तर राग तुझा आहे, त्याला मी हात लावत नाही. बाबा माझ्यापाशी एवढंच बोलले: "तिनं ये म्हनलं तं जाईन. नाई म्हनलं तं तिच्या दारासमोरून बी जानार नाई. माफी मांगायची बी तिले विचारूनच मांगीन." तेवढं विचारायला त्यांनी मला लिहायला लावलं. तेव्हा विचारतो. ते येऊ का?

हो किंवा नाही, एका ओळीत कळव. पोस्टकार्ड चालेल.

पवन


मेडशी, ३ फेब्रुवारी

मंजूताई,

तुझं काही उत्तर नाही. पोस्टमनला रोज विचारतो, तो आता मला पाहून सायकल जोरात मारतो. मी खरं तर निघणार होतो, पाळणेवाला यवतमाळकडं बोलावतो आहे. पण बाबा रोज दुपारी पोस्टाच्या वेळेला मोटरचं काम सोडून ओट्यावर येऊन बसतात. त्यांना तसं बसलेलं सोडून जाणं मला जमलं नाही.

गावात अजून तसंच. मोठबाबा समोरून आले तर रस्ता बदलतात, मेलेला माणूस दिसणं बरं नाही म्हणे. पण काल त्यांची मोटर जळाली. तालुक्याहून मिस्त्री आणला, त्याला जमेना. मग गोलू मागच्या दारानं आला. "काका, तुमी मेले हाय म्हनून बाबा येत नाई. पन मोटर पाहून देता काय?" माय हसली. खूप दिवसांनी बाबांकडे पाहून हसली. बाबा गेले, मोटर बांधून दिली. मोठबाबा झाडामागं उभे राहून पाहत होते म्हणे.

आज मी ठरवलं होतं की हे शेवटचं पत्र. तुला त्रास देणं बंद. तू उत्तर देत नाहीस हेच उत्तर समजायचं, असं बाबांना सांगून टाकायचं आणि निघायचं. एवढं लिहायलाच बसलो होतो

थांब, कोणी आलं.

ताई, दारात तुझी सासू उभी आहे. बेबीताई. एकटी, हातात कापडी पिशवी, मालेगावच्या एसटीतून उतरली. इथल्या त्यांच्या मोहल्ल्यातल्या, तुम्ही चंद्रपूरला गेल्यापासून कुलूपबंद असलेल्या घराकडं गेली नाही, सरळ इथं आली.

माय उठली आणि उभीच राहिली. बाबा ओट्यावरून खाली उतरले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी वही टाकून त्यांना धरायला गेलो. त्यांनी माझा हात बाजूला केला. मला म्हणाले, पण तिला ऐकू जाईल असं म्हणाले, "पवन, तुले ठाऊक नाई. तुह्या बहिनीनं लगन लावलं तवा या बाई साखर घेऊन आल्या होत्या. आता उभ्या हाय ना, तिथंच. त्या गेल्यावर म्या तिथं बादली ओतली होती. दार धुतलं होतं. थे बी सांगाचं राह्यलं होतं."

तुला हे ठाऊक असेल. मला नव्हतं.

बेबीताई म्हणाली, "ठाऊक हाय. वळून पाह्यलं होतं म्या."

मग ती उंबऱ्यावर बसली. मांडीवर पिशवी ठेवली.

"मंजू पत्रं फोडत नाई, कपाटावर ठेवते. म्या अनुपकून वाचून घेतले. सारे. मेले मेले म्हनता इंद्रभानजी, तं म्या म्हनलं, जाऊन पाहू. मेलं कोन अन् उरलं कोन."

बाबा तिच्यापुढं जमिनीवर बसले आहेत. वर ओटा रिकामा आहे, पण खाली बसले आहेत. माय आत चहा ठेवते आहे, साखरेचा डबा सापडत नाही म्हणून भांडी वाजवते आहे. मी हे तुला इथूनच, त्यांच्याकडं पाहत लिहितो आहे.

बेबीताईला मी हळूच विचारलं, ताईनं पाठवलं का? ती नुसती पिशवीचा बंद पिळते आहे.

मंजूताई, ती इथं आली आहे हे तुला ठाऊक आहे का?